जूनमधली ज्वारी

बजाबाई : दोन हजार तेवीस साल व्हतं ते, बाई. मला नगा सांगू. त्याच साली तुमी हितं बसून रान मागायचा असाच कागद फुडं केलता.

लीलाबाई : निवेदिता माझी शाळेतली विद्यार्थिनी, सोलापुरात प्राध्यापक झालेली. पाच देशांतली विद्यापीठं मिळून कोरडवाहू शेती टिकवणार म्हणाली. मी विश्वास ठेवला.

बजाबाई : कोरडवाहू रानाचं भलं करायला आली, आन् जूनमधी ज्वारी पेरली! मंगळवेढ्याच्या काळ्या रानात!

लीलाबाई : परदेशी प्राध्यापकांना जुलैतच रजा होती. त्यांना उभं पीक बघायचं होतं.

बजाबाई : बघितलं की! टोप्या घालून फोटू काढलं, शेंगाचटणी चाखून डोळ्यांतनं पानी काढलं. आवो, पावसाळाभर कुळव मारून रान रिकामं ठेवायचं, ओल जिरवायची, मग सप्टेंबरात, उत्तरा नक्षत्रात पेरायचं. माझ्या शेळीला बी ठावं हाय.

लीलाबाई : मलाही ठाऊक होतं. लहानपणी आमचे वडील उत्तरा लागल्याशिवाय बियाण्याला हात लावू देत नसत.

बजाबाई : मग तवा गप का बसलात?

लीलाबाई : एवढ्या मोठ्या लोकांपुढे बोलायची लाज वाटली, बजाबाई.

बजाबाई : त्यांच्या ज्वारीनं समदी ओल पिली, कणसात दाना न्हाय. उत्तरा लागल्यावर त्याच रानात आमी पेरलं, ते उगवलंच न्हाय. घरात भाकरीला ज्वारी न्हवती, बाई. माझा ल्योक कुंडलिक टोळीसंगं श्रीपूरच्या साखर कारखान्याला ऊस तोडाय गेला.

लीलाबाई : आता निवेदिता पुन्हा तुमचे चार एकर मागतेय. या खेपेला म्हणे 'स्थानिक ज्ञाना'चा अभ्यास.

बजाबाई : व्हय? रान बुडवून झालं, आता आमचंच आमाला शिकवनार?

(लीलाबाई कागद फाडतात.)

बजाबाई : फाडला कशाला? चूल पेटवाय झाला असता.

लीलाबाई : निवेदिताला मीच सांगेन.

बजाबाई : त्या परदेशी टोपीवाल्या म्होरक्याचं काय झालं?

लीलाबाई : त्याला पदक मिळालं. निवेदिता विभागप्रमुख झाली. अहवालात तुमचं रान 'यशस्वी' आहे, फोटोसकट.

बजाबाई : आन् तुमी?

लीलाबाई : मी 'स्थानिक मार्गदर्शक'.

बजाबाई : शाब्बास!

लीलाबाई : कुंडलिक पेरणीला येतोय ना?

बजाबाई : न्हाय. तितंच कारखान्यात लागला. सून बैलं हाकती, मी चाड्यावर मूठ धरून बी सोडते. एकर उरकाय दिस मावळतो.

लीलाबाई : यंदा मी येऊ?

बजाबाई : या. पन चपला बांधावर काढायच्या.