मामंजींचा डोळा

नाही हो अक्का, चेहऱ्याला काही होत नाही. पापण्या मिटलेल्या, आत कापूस ठेवतात — झोपलेलं माणूस दिसतं तसंच दिसतं. माझ्या मामंजींचं मी पाहिलंय ना. बसा, इकडे सरकून बसा, तिथं ऊन येतंय. सिस्टरनी माझ्याकडे पाठवलं ते बरं केलं, या डोळ्यांच्या वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच. वर तुमचे वडील आहेत ना — अण्णा म्हणता? आम्ही पण अण्णाच म्हणायचो, बंगळूरची जुनी मराठी घरं सगळी तशीच. कालपासून शुद्ध नाही म्हणे? हं. आणि डॉक्टरांनी आशा नाही म्हणून सांगितलं, आणि वर लगेच विचारलं, डोळे द्याल का — राग येणारच. कुणालाही येईल. सिस्टर मला म्हणाल्या, अनुसूयम्मा, त्यांच्याशी स्वल्प चांगलं बोला, तुमचं ऑपरेशन झालंय, तुमच्या तोंडून ऐकलं की पटेल त्यांना. सरी, म्हटलं, बोलते.

तर माझं सांगते. चामराजपेटेत मुलींच्या शाळेत शिकवायची मी. फळ्यावर मीच लिहिलेली ओळ मला दुहेरी दिसायला लागली, मग तिहेरी. चष्मा बदलला की थोडे दिवस बरं, पुन्हा तेच. रस्त्यातल्या दिव्यांना शेपटं फुटायची. संकष्टीला चंद्र पाहायला गेले तर पाच-सहा चंद्र एकमेकांवर चढलेले — हसले मी तेव्हा, म्हटलं उपास सोडायला एक पुरे होता! डॉक्टरांनी हातानं करून दाखवलं — बुबुळ असं गोल असतं, पालथ्या वाटीसारखं, तुमचं मध्ये पातळ होऊन पुढे येतंय, सुळक्यासारखं. केराटोकोनस. कशानं झालं? कशानंच नाही. देवी आल्या नाहीत, मार लागला नाही, उगीच होतं म्हणे. मद्रासहून डोळ्यात घालायची चकती आणवली, ती घातली की डोळा लाल, नुसती आग, पाणी थांबेना. मग एकच राहिलं — मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पुढचा पापुद्रा काढून इथं शिवायचा. पूर्ण डोळा नाही हं अक्का, सगळ्यांना तसं वाटतं. एवढासा, कुंकवाच्या टिकलीएवढा, काचेसारखा. पण देणार कोण? ज्याला विचारावं तो म्हणतो, आमचा माणूस पुढच्या जन्मी आंधळा येईल.

मला माझ्या मामंजींनी दिला. नरसिंहराव, पोस्टात होते. माझी शाळेतली नोकरी सुटली तशी रोज सकाळी मला पेपर वाचून दाखवायचे — सुनेला सासरा पेपर वाचून दाखवतो, बसवनगुडीत हसायचे लोक. ते म्हणायचे, हसू देत, तू आज काय झालं ते ऐक. छातीचं दुखणं बळावलं तेव्हा एकदा जेवताना सगळ्यांदेखत म्हणाले, "माझं झालं की डॉक्टरांना बोलवा. अनुसूयेला डोळा द्यायचाय." सासूबाई वाढत होत्या, भाताचं भांडं तिथंच ठेवून आत निघून गेल्या. नेहरू गेले ना, त्याच साली श्रावणात मामंजी गेले. आमचे हे सायकल मारत इकडे आले, डॉक्टरांना घेऊन गेले. सासूबाई खोलीच्या दारात आडव्या पडल्या, "आंधळे करून पाठवू नका रे त्यांना!" हे म्हणाले, "आई, त्यांचाच शब्द आहे." मग कुणीतरी उचललं त्यांना. मी? मी स्वयंपाकघरात. मी काय बोलणार? बोलले असते तर म्हणाले असते, ही वाटच बघत होती.

ऑपरेशनचं विचारू नका. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही, खोकायचं नाही. शेजारच्या खाटेवर तुमकूरची एक बाई, मथुरा, मामंजींचा दुसरा डोळा तिला बसवला. आम्ही पट्ट्या बांधलेल्या, एकमेकींना न बघता बोलत पडायचो. पट्टी सुटली तेव्हा आधी नुसता उजेड. मग हळूहळू — अय्यो अक्का, काय दिसायचं! कार्तिकात बसवण्णाच्या देवळाशी शेंगांची जत्रा भरते ना, तिथं ढिगातली एकेक शेंग वेगळी, तिच्यावरच्या जाळीसकट. आमच्या ह्यांच्या कानाशी केस पिकलेले, कुणी सांगितलंच नव्हतं मला. आरशात माझं तोंड बघितलं तर —

दिसायचं म्हणाले का मी? हो. दिसायचं. लक्षात आलं तुमच्या. तेवढं सांगू नका म्हणाल्या होत्या सिस्टर.

आता सांगूनच टाकते. सासूबाई आधी माझ्याशी बोलत नव्हत्या. मग एका दुपारी आल्या, समोर पाट घेऊन बसल्या, म्हणाल्या, "उघड गं जरा." मी डोळा मोठा केला. बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. जेवणं झाली की पाट घेऊन यायच्या. मामंजींचे डोळे घारे, माझे काळे — काळेच राहिले, तो पापुद्रा बिनरंगाचाच असतो, डॉक्टरांनी त्यांना दोनदा समजावलं. पण त्यांना घारा दिसायचा. बोलायच्या त्याच्याशी. माझ्याशी नव्हे, त्याच्याशी. पेन्शनचं काम झालं, अलकाला दिवस गेलेत — अलका माझी नणंद — असं सगळं. मी पापणी न हलवता बसायची. अवघडायचं, पण बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षं मामंजींशी त्या इतकं बोलल्या नसतील.

संक्रांतीला एळ्ळु-बेल्ल, आपला तिळगूळच, वाटून घरी आले तर डोळा खुपतोय. लाल. उजेड सोसेना. धावत इथं आलो, कॉर्टिसोनचे थेंब घातले, तासातासाला. उपयोग नाही. आधी कडेनं, मग मध्ये, लालबागेत थंडीत धुकं उतरतं तसं — आणि ते उठलंच नाही. अंगानं परकं ओळखलं, म्हणाले डॉक्टर. मी म्हटलं, परकं कुठलं, सासऱ्यांचं होतं. त्या दुपारी सासूबाई पाट घेऊन आल्या. बुबुळ पांढरं झालेलं. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग "गेले" म्हणाल्या, एवढंच. उठल्या आणि न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. सुतक धरलं पुन्हा. मला शिवल्या नाहीत, माझ्या हातचं जेवल्या नाहीत. त्यांनी एक शब्द वाईट बोलायला हवा होता मला, पण नाही.

आता तुमकूरला जातात. हो, त्या मथुरेकडे. तिचा स्वच्छ राहिलाय, अजून. दर अमावास्येनंतर बसनं जातात, बेसनाचे लाडू घेऊन, त्या परक्या बाईसमोर बसतात, संध्याकाळी परत येतात आणि ह्यांना सांगतात, "बरे आहेत." घरात माझ्या तोंडाकडे त्या बघत नाहीत. काय आहे माझ्या तोंडावर बघण्यासारखं?

रडू नका हो. मी पटवायला बसले होते तुम्हाला, आणि हे काय करून ठेवलं! सगळ्यांचं असं होत नाही. मथुरेचं झालं नाही. माझ्या दुसऱ्या डोळ्यात होईलच असं नाही — म्हणजे डॉक्टर म्हणतात, होण्याचीच शक्यता जास्त, एकदा झालं की अंग शिकतं म्हणे. तो डोळाही सुळका झालाय, तडकायला आलाय. बघू या, म्हणतात ते. बघू या, हे मला सांगतात!

कुणाला? तुमच्या अण्णांचे डोळे कुणाला देणार, असं विचारताय? सिस्टरनी सांगितलं नाही? ... मला, अक्का. एक मला. म्हणून तर मला सकाळी उपाशी ठेवलंय. म्हणून मी इथं बाकावर तयार बसलेय.

तसं नका बघू. दिसत नाही मला, पण कळतं. मला हवा आहे तो. पांढरा पडणार असला तरी हवा आहे, चार महिने तर चार महिने. सकाळपासून मी देवाला सारखं — नको. ते नको.

जा तुम्ही. मी सांगितलं म्हणून हो म्हणू नका, मी सांगितलं म्हणून नाहीही म्हणू नका. श्वास चाललाय ना त्यांचा अजून? मग इथं माझ्याजवळ कशाला बसलाय? वर जा. जिना उजवीकडे आहे. जा म्हणते ना.