गाळाखालचे सतरा वाफे

माजा जन्म कुळगावचा. आता सगळे बदलापूर बोलतात, पण आमचं ते कुळगावच, तवा बाकी नुसतं गवत न् शेतं व्हती. बाप नदीकडच्या शेटच्या बंगल्यात माळी व्हता. शेट मुंबईचा, वर्षातनं दोनदा यायचा, पण बाग अशी, काय सांगू तुमाला, सगळी काळ्या दगडाची, उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी सतरा वाफे, न् वरच्या विहिरीचं पाणी दगडी पाटातनं सुटायचं ते वाफ्यावाफ्यातनं फिरत खाली नदीला. कुठं अडवायचं, कुठं सोडायचं ते काम माजं. फडक्याचा बोळा लावायची, बाप ओरडला की काढायची. शाळेत नाय गेली मी, पण त्या पाण्याची वाट मला झोपेतपण सांगता येईल.

मंग लगीन झालं, उल्हासनगरला कॅम्पात गेली. आमचे हे एका सिंधी शेटच्या फर्निचरच्या दुकानात पॉलिशचं काम करायचे, अजून करतात, हाताचा वास काय जात नाय. पोरगा एकच, संतोष. अंबरनाथला केमिकल कंपनीत लागला. एक दिवस दुपारी तिथं स्फोट झाला. तिसऱ्या दिवशी हातात दिला तो गुंडाळलेला. मी म्हटलं तोंड दाखवा, दवाखान्यातली माणसं म्हणाली मावशी नका बघू, ह्यांनीपण माजा हात धरून ठेवला. नाय बघितलं. आता वाटतं, का नाय हात सोडवून घेतला मी? आईच ना मी?

त्याच्यानंतर मी बोलायचीच बंद झाली. वर्ष गेलं. ह्यांनी डॉक्टर केले, देव केले, काय उपेग नाय. वैद्य मॅडम म्हणून हायत, संतोषच्या शाळेतल्या, त्या दर रविवारी माणसं जमवून जुन्या बंगल्याची बाग साफ करायला जायच्या, फुकटची सेवा. एका रविवारी घरी आल्या, म्हणाल्या चला, नुसतं बसा तिथं. जाऊन बघते तर बापाच्या शेटचाच बंगला. शेट कधीच गेला, त्याची नातवंडं परदेशात, घराला कुलूप, बागेपुरती परवानगी. न् घाणेरीची झुडपं अशी माजलेली का आत उभा माणूस दिसंना. शिकलेली माणसं मोबाइलवर नकाशा बघून पाट शोधत व्हती, चुकीच्या जागी. मी म्हटलं, इथं खणा. वर्षाने तोंडातनं निघालं ते एवढंच. हातभर खणलं न् पाट लागला.

मंग मी एक रविवार सोडला नाय. ताप असला तरी जायची. हे चिडायचे, मेलेल्या घराचं गवत काढून काय मिळणार हाय तुला? मी म्हणायची, घरी बसून काय मिळतंय? दोन पावसाळे गेले. तीस माणसं व्हती त्यांची नऊ राहिली, पण सतराच्या सतरा वाफे उघडे केले आमी. विहीर उपसली, पाणी सोडलं. चार वाफे फिरलं, पाचव्याच्या तोंडाशी गेलं न् गडप. मी हातानं माती उकरायला लागली, नखं तुटली, मॅडम म्हणतात अहो थांबा, दगड सरकलाय, बसवू आपण, न् माज्या तोंडातनं आपोआप, संतोष, अरे संतोष. मॅडम माज्या बाजूला चिखलात बसल्या.

तो दगड बसवायच्या आधी नदी आली. दोन दिवसांनी पाणी उतरलं, बघायला गेलो तर गुडघाभर गाळ, वाफा नाय, पाट नाय, काय नाय. मी फाटकाला धरून उभी राहिली. बोलली, दुसऱ्यांदा झाकलंत, परत नाय बघू दिलंत. कुणाला बोलली ते ठाव नाय. त्या दिवशी घरी जाऊन मी उंदराचं औषध काढून समोर ठेवलं व्हतं. खोटं कशाला बोलू. ह्यांनी बघितलं, पुडी उचलली, संडासात ओतली. रविवारी सकाळी दुकानाला सुट्टी न् हे कपडे घालून बसलेले. म्हणाले, फावडं हाय का तिथं, का आपलं न्यायचं?

आता आमी पाच जणं हाव. तीन वाफे निघाले, चौथा अर्धा. न् गेल्या महिन्यात नातवंडांची चिठ्ठी आली, जागा विकली, दिवाळीनंतर आत येऊ नका. मी मॅडमना म्हटलं, मंग आता कशाला उपसायचं? ह्यांनी घमेलं भरलं न् माज्या डोक्यावर ठेवलं. दिवाळीपर्यंत सतरा काय होणार नायत, ते मलापण कळतं. पण ह्यांच्याशी दिवसभर एका जागी राहायला मिळतं, दोघंपण संतोषचं नाव घेतो, रडायला आलं तर रडतो, कुणी अडवत नाय.

तुमी एवढा येळ बसलात, ऐकलंत. तुमाला पोरंबाळं असतील, ती रोज संध्याकाळी आपल्या पायांनी घरी येवोत. दुसरं काय देऊ तुमाला.