घरकोंबडा : अर्थ आणि उपयोग

...नाही पण मी म्हणतो, असा शब्द असावा का हो? घरकोंबडा! जो कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, त्याला सरळ पिसं चिकटवून मोकळे! आणि कुणाला म्हणतात, तर आमच्या समोरच्या दारातल्या कोशवाल्याला. तुम्हाला सांगतो, हा शब्दकोशाचं काम घरी बसून करतो. बसून म्हणजे बसून! खुर्चीला त्याचा आकार आलाय. एका शब्दाला एक कार्ड, वर अर्थ, खाली वाक्य, आणि वाक्य मनाचं चालत नाही, खऱ्या माणसाच्या तोंडचंच पाहिजे, असा संपादकांचा दंडक. बरं, 'घ'चा गठ्ठा आला नेमका याच्याच वाट्याला. झालं! निघाला वाक्यं गोळा करायला... म्हणजे स्वयंपाकघरापर्यंत.

"अगं, घरकोंबडा हा शब्द वाक्यात वापर ना." बायको मान न वळवता म्हणते, "अठ्ठावीस वर्षं वापरतेय!" मेहुणीला फोन केला, तर ती म्हणे, "भावजी, मी ताईला तेव्हाच म्हटलं होतं, घरकोंबडा आहे, बघ बाई!" लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणतो, "तुम्हीच ना ते? खाली सगळे तसंच म्हणतात, मला वाटलं आडनाव आहे!" चौदा वाक्यं जमली हो, चौदाही वाक्यांत हाच!

लागलं माणसाला. लागणारच! लेकीची बदली झाली होती दूरच्या गावी, तिचं घर लावायला सगळे आठ दिवस जाणार होते, आणि ती फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही याल?" हा म्हणाला, "येणार!" बूट आणले. लेस मी बांधून दिली, याला सवय कुठली? लेकीच्या दारासाठी नावाची पाटी रंगवली, तीनदा पुसून, चौथ्यांदा.

निघायच्या दिवशी सकाळी हा बॅग मांडीवर घेऊन दाराशी बसलेला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरची शिक्षिका आली, "ही किल्ली हं, गॅसवाला येईल. तुम्ही काय, घरीच असणार!" हा म्हणाला, "मी निघालोय." ती म्हणाली, "काहीतरीच!" मग खालचा शिंपी आला, मांजर घेऊन. "दोन वेळा दूध. तुम्ही काय, घरीच असणार!" अहो, पायात बूट, मांडीवर बॅग, बॅगेवर मांजर, तरी कुणाला दिसेना! एकदा शब्द चिकटला की माणसाकडे बघतंय कोण?

खाली गाडीचा हॉर्न वाजला. हा उठला, तेव्हा कुठे बायकोच्या लक्षात आलं. "अय्या, तुम्ही खरंच येणार होतात? अहो, तिकिटं तीनच काढलीत! मी, धाकटा आणि माझी बहीण..." यानं लेकीला फोन लावला. ती म्हणाली, "अहो बाबा, मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं होतं!" बायको अर्ध्या जिन्यातून परत आली. मला वाटलं, आता याला नेणार. तर म्हणते, "ती पाटी द्या इकडे, आम्ही लावू. तुम्ही काय..." पुढचं बोललीसुद्धा नाही. गरजच काय?

हा बुटांसकट खुर्चीत जाऊन बसला. कार्ड काढलं. त्यावर अर्थ होता, 'घरी राहणं आवडणारा.' तो खोडला आणि लिहिलं, 'ज्याचं तिकीट काढायचं कुणाच्या मनातही येत नाही, असा माणूस.' संपादकांचा शेरा आला, "अर्थ पटला. आणखी एक वाक्य पाठवा, ताजं."

म्हणून हा काल माझ्या दाराशी आला. त्याच बुटांत! म्हणाला, "तुम्ही तरी मला तसं समजत नाही ना?" मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला हो! म्हटलं, "छे छे, भलतंच काय!" आणि कुलूप लावून किल्ली त्याच्या हातात ठेवली. चार दिवस बाहेर जायचं होतं, मी तरी काय करणार? तो काय, घरीच असणार!