डबा सोडायचा दिवस

दैवशाला : न्हाय आत्या, आज न्हाय म्हणजे न्हाय. दगडोबा मामा उमरग्याला लग्नाला गेल्यात. आठ दिवस त्यांनीच पवायला शिकवलंय पोरीला, पाठीला डबा बांधून. उद्या येतील, मग त्यांच्याच हातनं डबा सोडू.

म्हाळसाबाई : उद्या सोडून काय उपेग? तुझ्या नवऱ्याला आज दुपारी सांगायचंय न्हवं, धाराशिवला खोली घ्यायची का न्हाय ते.

दैवशाला : तुमचाच लेक हाय तो.

म्हाळसाबाई : चांगलं वागला की माझा. असलं काय तरी काढलं की तुझा.

अक्षदा : आजी, धाराशिवच्या खोलीत म्हैस बांधता येते का?

म्हाळसाबाई : न्हाय गं माय. तिथं माणसंच दाटीवाटीनं ऱ्हात्यात.

अक्षदा : मग मी नाही जाणार. सात वर्षांची झाले मी, मला विचारायला पाहिजे ना आधी?

दैवशाला : तू गप. तुझ्यापायीच चाललंय सगळं. आत्या, तुमी बी बघितलंय की. हिची चप्पल विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर घावली आन ही कुठंच दिसंना. धा मिंटं मी विहिरीत वाकून हाका मारत व्हते. आन ही बया कडब्याच्या गंजीमागं मांजराच्या पिल्लासंगं बसलेली. तवापास्नं माझ्या डोळ्याला डोळा न्हाय. घरापासून विहीर बारा पावलांवर. आज ही हाय, उद्या युवराज रांगायचा सोडून चालायला लागंल.

म्हाळसाबाई : म्हणून सुट्टी लागल्यापास्नं पोरीला पत्र्याखाली कोंडून घातलंस. भाजून निघालं लेकरू.

दैवशाला : मग काय करू? ह्यांनी सांगितलंय, डब्याबिगर पलीकडच्या भिताडाला हात लावून आली तर ऱ्हावा वस्तीवर. न्हाय तर सगळी चला धाराशिवला, शाळा बी तिकडंच.

म्हाळसाबाई : तर मग आज लावंल हात. म्या उतरते पाण्यात.

दैवशाला : कोण?

म्हाळसाबाई : म्या. कान गेले का तुझे?

दैवशाला : आत्या, आठ वर्सं झाली मला या घरात येऊन. घोटाभर पाण्यात बी कधी बघितलं न्हाय तुमाला.

म्हाळसाबाई : सून घरात आल्यावर सासूनं विहिरीत उड्या हाणायच्या व्हय? वस्तीवरची लोकं हसली असती. म्हणून न्हाय उतरले. पवायचं काय कुणी इसरतंय का?

अक्षदा : आजी, तुला कुणी शिकवलं?

म्हाळसाबाई : मेंढरांनी.

अक्षदा : खोटं!

म्हाळसाबाई : आईच्यान. माझ्या बापाची दोनशे मेंढरं व्हती. लोकर कातरायच्या आदी धुवावी लागत्यात, न्हाय तर मातीनं कातरीची धार जाती. नळदुर्गाच्या अलीकडं नदीचा डोह व्हता. एकेक मेंढरू पाण्यात घालून पलीकडं न्यायचं. तुझ्याएवढी असल्यापास्नं त्येच काम माझ्याकडं. पहिल्या दिवशी मेंढरू पाय मारत व्हतं, म्या बुडत व्हते. मग म्या त्याच्यावाणीच पाय मारायला लागले.

दैवशाला : मला न्हाय पटत हे.

म्हाळसाबाई : नको पटू दे. दैवशाला, खरं सांगू का? पोरं गेली की म्या ह्या वस्तीवर कुणासंगं बोलू? म्हशीसंगं? सकाळी उठून कुणाला हाक मारू? तू भ्यालीस, तुझं खरं हाय. पर म्या बी भ्याले. ऊठ, दोर घे. युवराज कुठाय?

दैवशाला : झोळीत झोपलाय. शेजारच्या कडूबाई बसल्यात तिथं.

म्हाळसाबाई : बसू दे. चल गं अक्षे.

(विहिरीवर. म्हाळसाबाई काष्टा मारून पाण्यात. अक्षदा शेवटच्या पायरीवर, तिच्या कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक वर दैवशालाच्या हातात.)

दैवशाला : अगं बया, आत्या, खरंच पवताय की हो तुमी!

म्हाळसाबाई : मग काय, थट्टा करत व्हते? आगाई, गार हाय गं पाणी! लई बरं वाटतंय. अक्षे, ये. डबा तितंच पायरीवर ठीव.

अक्षदा : आजी, डबा नसला की खाली कोण धरतं?

म्हाळसाबाई : पाणीच धरतंय. म्या हनवटीखाली दोन बोटं लावीन, बाकी कुठं हात लावायची न्हाय. मेंढराला बी तसंच करायची. नाक पाण्याच्या वर ऱ्हायलं की पाय आपोआप चालत्यात.

अक्षदा : मी काय मेंढरू आहे का?

म्हाळसाबाई : मेंढरू शहाणं असतंय. इतकं इचारत न्हाय. ये!

अक्षदा : आले! आजी! आजी, नाकात... मी उलटी होतेय!

म्हाळसाबाई : धर माझा खांदा. खोक, खोक. काय न्हाय झालं. पुन्यांदा.

अक्षदा : परत तसंच होतंय! कुणी तरी मागं ओढतंय मला!

म्हाळसाबाई : दैवशाला, दोर वढू नकोस. तू वढतीस म्हणून तिची कंबर वर येती आन तोंड पाण्यात जातंय.

दैवशाला : मी कुठं वढतीया? नुसता धरलाय.

म्हाळसाबाई : दोर बघ की, तारंवाणी ताणलाय. ढिला कर.

दैवशाला : केला.

म्हाळसाबाई : इतभर केलास. पोरगी हितं बुडत न्हाय गं, तूच तिला बुडवायलीस.

दैवशाला : असं बोलू नका आत्या! मला त्या दिवसाची चप्पलच दिसतीया सारखी. हात उघडंना माझा.

म्हाळसाबाई : माझ्याकडं बघ. म्या हाय ना खाली? माझी बी नात हाय ती. बापाची दोनशे मेंढरं नेली, एक बी बुडू दिलं न्हाय. हिला बुडू देईन? सोड, माझ्या लेकी.

अक्षदा : आई, तू डोळे मिटून घे. मग सोड.

दैवशाला : डोळे मिटून कसं गं? सोडला तर बघतच सोडीन. हां. हे बघा. सोडला. सगळा सोडला, पाण्यात पडला बघा दोर. अक्षे, हनवटी वर!

म्हाळसाबाई : मार पाय. मार. बोटं काढतीया म्या. काढली. अक्षे, मागं बघायचं न्हाय.

दैवशाला : आत्या, हात काढला का तुमी? खरंच काढला? अगं माझे आई, चालली की ही! एकटी चालली! मार, मार, अजून दोन हात हाण! धर त्यो दगड! धर!

अक्षदा : धरला! आई, धरला! भिंत गार आहे!

दैवशाला : आता तितंच थांब, आजी येतीया घ्यायला.

अक्षदा : आजीला नको सांगू. माझी मी येते. दोर सोड ना गं आजी कमरेचा, पायात येतोय.

म्हाळसाबाई : आले. हा बघ, सुटला. निघ.

दैवशाला : कडूबाई! ओ कडूबाई, युवराजला घिऊन या हिकडं! बघा माझी पोरगी! दोर न्हाय, डबा न्हाय, आत्यांचा हात न्हाय! आली, आली, पायरीला लागली! अक्षे, माझ्या वाघिणी!

अक्षदा : आई, रडतेस का?

दैवशाला : रडीन न्हाय तर काय करीन? हसत बी हाय की. दोन्ही चाललंय माझं.

म्हाळसाबाई : तुझा फोन वाजायलाय बघ कवाचा. माझा कुमारच आसंल.

अक्षदा : आजी, आता तू पुढं आणि मी मागं. चल ना.

दैवशाला : हॅलो. हां, विहिरीवरच हाय. खोली नको म्हणून सांगा त्या मालकाला. नको म्हणजे नको. लागला हात भिताडाला. जाऊन आली, आन आता परत निघालीय. दगडोबा मामा न्हाईत, उमरग्याला गेल्यात. कुणी म्हणजे? तुमच्या आईनं. अवो तुमची आई, म्हाळसाबाई! हसू नका, आत्ता पाण्यातच हायत, पोरीच्या पुढं पवत चालल्यात. तुमी रविवारी या, बापाला बी शिकवतील. काय? अक्षदाला फोन देऊ? ती पाण्यात हाय. न्हाय ओ, हाक न्हाय मारत मी. तिचं मन भरलं की येईल वर.