डेनिसचं मूळ गाव

आमच्या बाबांना समोरच्याचं मूळ गाव विचारल्याशिवाय चैन पडत नाही. २०१७ साली ते आयर्लंडमध्ये लिमरिकला आमच्याकडे आले. कारखाने, युनिव्हर्सिटी आणि जगभरचे लोक बघून म्हणाले, "अगदी पुण्यासारखं आहे. बाहेरच्यांनी बिघडवलेलं."

मी बजावलं, "बाबा, इथे कुणाला मूळ गाव विचारू नका. आम्हाला कुणी विचारलं तर आम्हालाही राग येतो."

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडे शेजारचा डेनिस गवत कापत होता. बाबांनी विचारलंच, "युअर नेटिव्ह प्लेस?"

मी डोळे मिटून घेतले.

डेनिसने मशीन बंद केलं. "जर्मनी."

"अरे वा! कधी आलात?"

"तीनशे वर्षं झाली. तेव्हा बरीच जर्मन घरं या भागात येऊन वसली. आम्हाला अजून 'ते जर्मन'च म्हणतात. पण इट्स ग्रँड, काही बिघडत नाही. तुम्ही कुठले?"

"पुणे," बाबा ताठ होत म्हणाले. "अस्सल पुणेकर."

"आणि त्याआधी?"

हे बाबांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. "त्याआधी... कोकण. पण त्याला अडीचशे वर्षं होऊन गेली!"

"म्हणजे आमच्यापेक्षा नवे," असं म्हणून डेनिसने मशीन पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळी पुण्याहून ताईचा फोन आला. "बाबा, वरच्या फ्लॅटमध्येही बाहेरचेच आले हो राहायला!"

एरवी बाबांनी अर्धा तास भाषण दिलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाले, "येऊ देत. आपल्याला तरी कुठे फार दिवस झालेत?"