आडवा दांडा

(कापड रंगवायच्या कारखान्यातली बॉयलरची खोली. निवृत्तीला आठवडा राहिलेला मिस्त्री आणि वर्षाभरापूर्वी आलेल्या मॅनेजरबाई.)

मिस्त्री: सन काही ध्यानात नाही, बाई. माझ्या थोरलीचं लग्न झालं ते वर्ष धरा. त्याच्या आदल्या महिन्यात हा दांडा बसवला.

बाई: पण हा आडवा आहे. म्हणजे पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचा कॉक बंद ना?

मिस्त्री: उघडा आहे. जुना दांडा तुटला, नवा नीट जुळेना. आडवाच ठोकला. उभा केलात की बंद होतो.

बाई: अहो, बंद झाला तर काचेत मघाचंच पाणी दिसत राहील! बॉयलर कोरडा पडला तरी कळायचं नाही.

मिस्त्री: नाहीच कळत.

बाई: आणि हे कोणाकोणाला ठाऊक आहे?

मिस्त्री: मला. आता तुम्हाला.

बाई: विसरलात सांगायला?

मिस्त्री: विसरतोय कसला. मुद्दाम नाही सांगितलं. वाफेचं गरम पाणी परत टाकीत घ्यायची युक्ती माझी. जुन्या साहेबांना भोळेपणानं सांगितली. त्यांना हार, घड्याळ, भिंतीवर फोटो. मला म्हणाले, "तू आपला कोळसा टाक." त्या दिवशी ठरवलं, आता जे कळेल ते पोटात ठेवायचं. आपल्यावाचून अडलं पाहिजे यांचं.

बाई: मग आज का सांगताय?

मिस्त्री: काल सगळ्यांसमोर झाडूवाल्या मावशींना पुढं बोलावलंत. म्हणालात, गळती यांनी पाहिली, मी नाही. मावशी तर रडायलाच लागल्या. मला रात्रभर झोप नाही.

बाई: चांगलं केलंत सांगितलंत. सूचना लिहून लावू, खाली तुमचं नाव घालू.

मिस्त्री: नाव घाला. पण सगळ्याच्या खाली घाला. थोरलीच्या लग्नाला मी रजेवर होतो. माझ्या जागी दुसऱ्या पाळीतला माझा मेहुणा. त्याच्या पाळीत हा बॉयलर बंद असायचा, त्याला दांड्याचं ठाऊक नव्हतं. मांडवातून जेवून थेट कामावर आला. दांडा आडवा दिसला, त्यानं उभा केला. कोणीही केला असता.

बाई: म्हणजे त्या वर्षीचा बॉयलरचा स्फोट... चौकशीच्या कागदात तर लिहिलंय, कामगाराचं पाण्याकडे लक्ष नव्हतं.

मिस्त्री: चौकशीवाले यायच्या आधी मी दांडा परत आडवा केला. त्यांना कॉक उघडा सापडला, दोष त्याच्यावर गेला.

बाई: मिस्त्री!

मिस्त्री: नंतर बदललाही नाही. बदलला असता तर कोणीतरी विचारलं असतं, का बदललास. बायको अजून भावालाच बोल लावते. म्हणते, एवढा कसा बेफिकीर. मी समोर बसून भाकरी मोडतो.

बाई: बसा जरा. पाणी घ्या. हे बघा, खोटं सांगणार नाही. हे कागदावर आलं की चौकशी पुन्हा उघडेल. मला थांबवता यायचं नाही. तुमची निवृत्तीही अडकेल.

मिस्त्री: थांबवू नका. घरी मी सांगतो, आजच. तुमच्या कागदाच्या आधी तिला कळू दे.

बाई: तुम्ही बोला, मी लिहिते.

मिस्त्री: नको. पेन द्या इकडं. चाळिशीत शिकलो अक्षरं, वाकडी येतील. तुम्ही फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघा.

बाई: काय लिहिलंत? वाचा.

मिस्त्री: "दांडा आडवा असेल तर कॉक उघडा. ही गोष्ट मी लपवली. दुसऱ्या पाळीच्या बॉयलरवाल्याची चूक नव्हती. तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. सोमवारी भाजला, गुरुवारी सकाळी नऊ वाजता दवाखान्यात वारला."