लुसेआनेची रविवारची दुपार

अळूची पाने मी तळहातावर पसरत होते. मोठे पान खाली, कोवळी वर, मधे कांदा, डब्यातले मटण आणि नारळाचे दूध. पुडी बांधायची आणि भावाच्या हातात द्यायची, तो ती जमिनीतल्या भट्टीत तापल्या दगडांवर ठेवायचा. इथून मी सुरुवात केली तेव्हा कॉन्स्टेबल पासेपाबाई म्हणाल्या, "काकू, आधी नाव. पानं नंतर." म्हणून नाव सांगते.

मी तेमालेती, पाउलियासीची विधवा, वय अठ्ठावन्न, धंदा चटया विणणे. राहणार वावाऊ बेट, नेआफू बंदराच्या पलीकडचे गाव, चर्चच्या मागे. शाळा चौथीनंतर सुटली, वाचायला माझी मी शिकले. आज स्वतः चौकीत हजर राहून, जे डोळ्यांनी पाहिले आणि हातांनी केले तेवढेच सांगते.

गेल्या आठवड्यात माझा धाकटा भाऊ मोसेसे याच्या मुलाचे लग्न झाले. रविवारी नवी जोडी पहिल्यांदा चर्चला गेली आणि नंतर भावाच्या अंगणात जेवण होते. मी मुलाची आत्या. आमच्यात भावाच्या घरच्या कार्यात आत्या सगळ्यांच्या वर असते. तिला ओसरीवर उंच बसवतात, केकचा वरचा थर तिला देतात, आणि त्या दिवशी तिने अंगणातली कुठलीही वस्तू उचलली तरी कोणी का म्हणून विचारत नाही. मी बरोबर आइस्क्रीमचा एक धुतलेला रिकामा डबा नेला होता, केक घरी न्यायला. काळे कपडे मी अजून घालते, त्यामुळे लग्नातही काळ्यातच होते.

जेवणानंतर पुरुष ताडपत्रीखाली कावा प्यायला गोल करून बसले. कावाच्या मुळीचे पाणी लाकडी परातीत कालवतात आणि एक कुमारिका ते करवंटीने वाढते. ती स्वतः पीत नाही. ठरलेली मुलगी आजारी पडली म्हणून मोसेसेची मुलगी, माझी भाची लुसेआने, वय एकोणीस, वाढायला बसली. मुलगी वाढायला बसली की तिचा बाप आणि भाऊ त्या गोलात थांबत नाहीत. पाहुणे तिची थट्टा करणार, ती भावांच्या कानावर पडू नये अशी रीत आहे. त्याप्रमाणे मोसेसे आणि त्याचे मुलगे मागे भट्टीकडे गेले. रीत लाजेखातर आहे, वाईट नाही. पण त्या दुपारी लुसेआनेजवळ घरचे माणूस असे कोणी उरले नाही, एवढे खरे.

तिच्या शेजारी फेलेती बसला होता. हा वधूकडचा पाहुणा, ऑकलंडहून आलेला, वय अंदाजे पस्तीस. बोलायला गोड.

"एवढ्यांना पाजतेस आणि स्वतः कोरडी?" असे तो तिला म्हणाला. त्याने आपल्या पिशवीतून संत्र्याच्या सरबताची बाटली काढून तिच्यापुढे धरली. बाटलीचे झाकण आधीच उघडलेले होते. मी ते पाहिले, पण तेव्हा त्यात काही वाटले नाही. उन्हात बसलेल्या पोरीला कोणीतरी थंड दिले, बरे झाले, असेच मला वाटले.

थोड्या वेळाने लुसेआने कावा करवंटीत न ओतता चटईवर ओतू लागली. मग ती हसली. ते हसणे तिचे नव्हते. तिची मान खाली गेली. पुरुष हसले. कोणीतरी म्हणाले, "बघा, वासानेच चढली हिला."

"आत्यावर गेलीय, आत्याही चर्चमध्ये बसल्या बसल्या झोपते," असे दुसरा म्हणाला. त्यावर मीही हसले.

मग ती काहीतरी बोलली आणि तिची जीभ अडखळली. तेव्हा माझे हसणे थांबले. माझा नवरा कावा प्यायचा, मी तीस वर्षे पाहिले आहे. कावाने पाय जड होतात, डोळे मिटतात, पण माणूस असा बोबडा होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी रात्रीची सगळी भांडणे त्याला पाठ असतात. शिवाय हिने थेंबही घेतला नव्हता.

इथे एक गोष्ट सांगणे भाग आहे. पाउलियासी गेला त्या दिवशी दवाखान्याने मला झोपेची गोळी दिली. मला विचारून दिली. नात्यातल्या एका बाईने मायेने दुसरीही दिली. दफनाला मी माझ्या पायांनी चालत गेले, सगळ्यांबरोबर गायले, मूठभर वाळू टाकली, असे लोक सांगतात. मला त्यातले काहीही आठवत नाही. ती गुंगी बाहेरून कशी दिसते हे मला माहीत नव्हते, पण ती मी आतून पाहिलेली आहे. माणूस उभा असतो, उत्तरे देतो, आणि त्याची दुपार त्याच्याकडे जमा होत नाही. लुसेआनेचे डोळे पाहिले आणि मला ते आठवले.

फेलेतीने तिला काखेत हात घालून उठवले. म्हणाला, "गरम होतंय हिला. गाडीतून जरा वाऱ्यावर फिरवून आणतो." त्याची भाड्याची गाडी कुंपणापाशी होती. कोणी हरकत घेतली नाही, कारण मदतच दिसत होती.

मी ओसरीवरून उतरले आणि गोलाच्या मधून चालत गेले. बाईमाणूस असे मधून जात नाही. मी म्हणाले, "तिला खाली बसव."

"मावशी, तुम्ही कशाला उठलात? बसा, केक खा."

"मी मावशी नाही. मी तिची आत्या आहे. बसव तिला."

त्याने बसवले, पण चटईवरची बाटली घ्यायला वाकला. मी ती आधी उचलली. तळाशी चारपाच घोट शिल्लक होते.

"ती गरम झालीय, मावशी. तुम्हाला नवी देतो."

"मला हीच आवडली. आज या अंगणातलं मला आवडेल ते माझं. पोरगी माझी, बाटली माझी, आणि जास्त बोललास तर ती परातही माझी."

सगळे मोठ्याने हसले. त्यांना वाटले आत्या हक्क गाजवते आहे. फेलेती हसला नाही. त्याचा हात अजून पुढेच होता. तेव्हा वधूचे आजोबा, म्हातारे कालोलो, गोलातून त्याला म्हणाले, "आत्याने मागितलं ना? मग सोड. इथली रीत विसरलास का तिकडे जाऊन?" त्याने हात मागे घेतला. कालोलोंना तेव्हा काही माहीत नव्हते. तरी त्या शब्दांबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मी लुसेआनेला घरात नेले. ती ओकली, झग्यावर सांडले. माझी भावजय फाने हिने तिला उताणे झोपवायला उशी आणली. मी उशी बाजूला केली आणि मुलीला कुशीवर वळवले, कारण उताणे झोपलेला माणूस ओकला तर श्वासनळीत जाते.

"वन्सं, झोपू दे तिला. उठेल तेव्हा बरी होईल," फाने म्हणाली. "मी हा झगा धुऊन टाकते, तिलाही पुसून घेते. कोणी पाहिलं तर काय म्हणतील?"

"आज रविवार आहे, फाने."

तिचा हात थांबला. रविवारी आमच्या बेटावर कोणी कपडा पाण्यात घालत नाही. मग मी तिला खरे कारण सांगितले. नवऱ्याच्या पायाची जखम बांधायला आम्ही दवाखान्यात जायचो तेव्हा बाकावर बसून मी भिंतीवरचे सगळे कागद वाचून काढले होते. एक कागद याच गोष्टीचा होता. पेयात औषध घालतात, बहुतेक वेळा चव लागत नाही, माणूस प्यालेला दिसतो. त्याला एकटे सोडू नका, झोपून उतरेल म्हणून वाट पाहू नका, अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. औषध अंगातून लवकर निघून जाते, म्हणून पहिली लघवी राखून ठेवा. हे सांगताना मला खात्री नव्हती. मी फानेला म्हणाले, "माझं चुकलं तर लोक मला हसतील. हसू देत."

फाने रडली, पण तिने मुलीला पाणी लावले नाही. त्या वेळी आईला ते किती जड गेले असेल. मी तिचीही आभारी आहे.

लुसेआनेला लघवीला लागली तेव्हा मी केकचा डबा वापरला आणि झाकण लावले. केक तसाच तिथे राहिला.

मोसेसेला मी मागच्या दारात बोलावून, मुलीवरची नजर न काढता, दोन वाक्यांत सांगितले. त्याच्या हातात भट्टीची माती होती. त्याने भट्टीजवळचा कोयता एकदा पाहिला. मी म्हणाले, "आधी गाडी." त्याने कोयता तिथेच राहू दिला आणि पाद्रीबाबांचा ट्रक मागून आणला. मी मागे लुसेआनेला कुशीवर घेऊन बसले. ती तिथे का बसली, तिने ते का घेतले, असे त्याने काहीही विचारले नाही. वाटभर खिडकीतून एकच विचारत राहिला, "ताई, श्वास चालू आहे ना?" आणि मी दर वेळी हो म्हणत राहिले. एका चढावर तिचा श्वास इतका हळू झाला की उत्तर द्यायला मला उशीर झाला. तेव्हा त्याने गाडी जोरात घेतली.

दवाखान्यात सिस्टर इलैसाने घरून धावत आल्या, डॉक्टर आले. त्यांनी नळी लावून प्राणवायू दिला. रक्त घेतले, बाटली आणि डबा मोहोर लावून ठेवला, झगा कागदी पिशवीत घातला. मी सिस्टरांना विचारले की हे कुठले विष. त्या म्हणाल्या, "विष असतंच असं नाही, काकू. पुष्कळदा झोपेचं नाहीतर भुलीचंच औषध असतं. आणि खूपदा तर नुसती दारूच पाजतात. पण माप त्याच्या हातात असतं आणि अंग तिचं. औषध आणि दारू एकत्र झाली की अंग श्वास घ्यायला विसरतं." बाटलीत काय होते ते तपासणी सांगेल. बाटली त्यासाठी परदेशी पाठवली आहे. ते सांगणे माझे काम नाही.

लुसेआनेला दिवेलागणीला नीट जाग आली. तिने पहिल्यांदा विचारले, "आत्या, मी काय केलं?"

मी म्हणाले, "तू काहीच केलं नाहीस. जे केलं ते दुसऱ्याने केलं."

"मग मला आठवत का नाही? मी खोटं बोलतेय असं वाटेल सगळ्यांना."

तेव्हा सिस्टर तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या की न आठवणे हे खोटेपण नाही, ते त्या औषधाचेच काम आहे. त्यांच्या त्या बसण्याबद्दल मी आभारी आहे.

त्याच संध्याकाळी वधूकडची मंडळी भावाच्या फाटकाबाहेर आली. दवाखान्यात तोवर फाने बसली होती, म्हणून मी तिथे होते. त्यांनी बारीक विणीची जुनी, मानाची चटई आणली होती आणि ते माना खाली घालून मातीत बसले होते. आमच्यात असे कोणी बसले की माफी नाकारत नाहीत आणि माफी दिली की विषय पुन्हा काढत नाहीत. मोसेसेचे मन डळमळले. नवी सून त्याच मंडळींची लेक, ती दारामागे उभी होती.

कालोलो म्हणाले, "पोरगं आमचं आहे. तोंड दाखवायला जागा नाही. घरातलं घरात मिटवा, बाई."

मी म्हणाले, "तुमची लेक या घरात सुखात राहील, याला मी जामीन. चटई आम्ही घेतो, तुमचा मान ठेवतो. पण माफी द्यायची ती लुसेआनेने, तिला द्यावीशी वाटली तर. आणि तिला स्वतःची दुपार ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. ती मी चौकीत सांगणार."

मग कालोलो उठले. म्हणाले, "तर मग तो विमानात बसणार नाही." ते स्वतः फेलेतीला घेऊन चौकीत आले, हे पासेपाबाईंना माहीत आहे. तसे करणे त्यांना भाग नव्हते. मी त्यांचे उपकार मानते.

फेलेतीच्या मनात काय होते ते मी पाहिलेले नाही. मी उघडी बाटली पाहिली, गाडीकडे वळलेली पावले पाहिली, बाटलीसाठी पुढे आलेला हात पाहिला. लुसेआने चटईवरून उठली तेव्हापासून दवाखान्याच्या खाटेवर आडवी होईपर्यंत एक क्षणही माझ्या नजरेआड गेली नाही. त्या वेळात तिला कोणी इजा केली नाही. हे वाक्य पुसू नये, एवढी विनंती आहे.

हा जबाब पासेपाबाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, खाली सही माझी आहे. वाचून झाल्यावर एवढे आणखी लिहून घ्यायला सांगितले:

पाउलियासीचे दफन मला आठवत नव्हते, तेव्हा लुसेआने सोळा वर्षांची होती. मी विचारायचे आणि ती सांगायची. कोण कुठे उभे होते, कुठले गाणे आधी झाले, वाळू टाकताना माझा हात कोणी धरला. शंभरदा विचारले तरी पहिल्यांदा सांगितल्यासारखे सांगायची. माझ्याकडे नवऱ्याचा जो दिवस आहे तो तिने दिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी तिच्या खाटेशेजारी चटई घातली आणि अळूच्या पानांपासून सुरुवात करून तिला रविवारची दुपार सांगितली.